उजनीचा उणे टक्का आणि संगणकाचा अभ्यासक्रम

जून २०२४ मध्ये उजनी धरणाचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास घसरला होता आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरणाने शंभरी गाठली. पाऊस मनासारखा झाला तर हा आकडा एकशे अकरापर्यंत चढतो. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांत असले आकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. 'उजनी मायनसमध्ये गेली', 'प्लसमध्ये आली' ही इथल्या चहाच्या टपरीवरची नेहमीची भाषा आहे. आता याच पट्ट्यातल्या, संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुला-मुलींना धरणाचा साठा दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायला सांगून पाहावा. साठ्याचा टक्का शून्य ते शंभर यांच्यामध्ये असणार, हे गृहीत धरूनच बहुतेकांची पहिली ओळ पडेल, आणि ज्या धरणाच्या काठी ते वाढले त्याच धरणावर तो प्रोग्रॅम वर्षातून दोनदा तोंडावर आपटेल. दोष मुलांच्या हुशारीचा नाही. कोड लिहिण्याआधी 'हा आकडा नेमका कशाचा, तो कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो आणि कोणत्या परिस्थितीत काय व्हायलाच हवे' हे काटेकोरपणे लिहून काढायचे असते, ते त्यांना शिकवलेलेच नसते. सॉफ्टवेअरचे गणिती स्पेसिफिकेशन आणि मॉडेलिंग हा विषय आपल्या विद्यापीठांत ऐच्छिक विषयांच्या अडगळीत पडला आहे. तो सक्तीचा करावा आणि उजनीसारख्या, विद्यार्थ्यांच्या घरच्या पाण्याशी जोडलेल्या सार्वजनिक नियमांवर शिकवावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या टक्क्याचा हिशेब पाहू. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला मृतसाठा ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. म्हणजे मृत म्हणवले जाणारे पाणी उपयुक्त पाण्यापेक्षा जास्त आहे. टक्का मोजतात तो फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून वर्तमानपत्रात 'शून्य टक्के' छापून येते त्या दिवशी धरणात ६३ टीएमसीहून अधिक पाणी असते. उणे साठ टक्क्यांनाही सुमारे ३१ टीएमसी पाणी शिल्लक असते, आणि पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली तरी तिथे २९ टीएमसीच मावते. मृतसाठा म्हटले तरी त्या पाण्याला हात लावायचा नाही असेही नाही. टंचाईत सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेच्या पात्रात पाणी सोडतात ते याच साठ्यातून. एकाच धरणाच्या एका आकड्याखाली इतके संकेत दडलेले आहेत. काठावरच्या माणसाला ते सवयीने कळतात. यंत्राला सवय नसते. त्याला सगळे उघड लिहून द्यावे लागते, आणि लिहायला बसले की आपल्यालाही किती गोष्टी नुसत्या अंदाजाने ठाऊक होत्या ते उमगते.

अशा अनुच्चारित गृहीतकांची किंमत जगाने मोजलेली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आसपास फुटले. आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला कोड त्यात जसाच्या तसा घेतला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक संख्या १६ बिटांच्या जागेत नेहमी मावेल, हे जुन्या रॉकेटपुरते खरे होते. नवे रॉकेट जास्त वेगवान होते, संख्या मावली नाही आणि दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. कोडच्या त्या ओळीत टायपिंगची चूक नव्हती, तर्काचीही नव्हती. ती ओळ कोणत्या हद्दीत खरी आहे, एवढेच कोणी करारासारखे लिहून ठेवले नव्हते. आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याशिवाय दस्त पुरा होत नाही. स्पेसिफिकेशन ही प्रोग्रॅमची चतुःसीमा आहे. ती साध्या वाक्यांत लिहिली तर वाचणारा आपल्या सोयीने अर्थ लावतो. संच, संबंध आणि तर्काच्या चिन्हांत लिहिली तर ती संगणकाकडूनच तपासून घेता येते. या दुसऱ्या पद्धतीला 'फॉर्मल मेथड्स' म्हणतात. तिची साधनेही आहेत. लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस, बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी घडवलेले स्पिन, एमआयटीत डॅनियल जॅक्सन यांच्या गटाने तयार केलेले अ‍ॅलॉय. तिन्ही फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

आपल्या अभ्यासक्रमांत या विषयाची आठवण राहावी इतपत सोय असते. दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, तिसऱ्या वर्षी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात चौकोन-बाणांच्या यूएमएल आकृत्या. या तिन्हींची एकमेकांशी गाठ मात्र सहसा पडत नाही. संचांची गणिते परीक्षेपुरती सुटतात, ऑटोमाटा फळ्यावर काढून पुसले जातात आणि यूएमएलच्या आकृत्या प्रकल्प अहवालात प्रोग्रॅम पूर्ण झाल्यानंतर चिकटवल्या जातात. (हे सगळ्यांना माहीत असते, परीक्षकांनाही.) उदाहरणे म्हणाल तर ग्रंथालय, एटीएम, लिफ्ट. लिफ्टचे उदाहरण वाईट नाही, पण ज्या विद्यार्थ्याच्या गावात एकही लिफ्ट नाही त्याला दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टची काळजी परीक्षेपुरतीच वाटणार. शिवाय ग्रंथालयाचे नियम इतके सरळ असतात की स्पेसिफिकेशन लिहिले काय नि न लिहिले काय, फरक पडत नाही. मग विद्यार्थी साहजिकच समजतो की हा विषय म्हणजे सोपी गोष्ट अवघड करून सांगण्याची कला. विषयाची बदनामी अशी वर्गातच होते. ती पुसायची तर उदाहरण असे हवे की ज्याचे नियम खरोखर गुंतागुंतीचे आहेत आणि चुकले तर कोणाचे तरी नुकसान होते.

उजनीच्या फुगवट्याकडे, म्हणजे बॅकवॉटरकडे, या नजरेने पाहावे. कुगाव, वाशिंबे, केत्तूर, चिखलठाण या करमाळा तालुक्यातल्या गावांची शेती धरणात बसवलेल्या मोटारींवर चालते. पाणी मागे हटू लागले की शेतकरी मोटार पुढे सरकवतो, पाइप आणि केबल वाढवतो, चर खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतो. पाणी चढू लागले की उलट धावपळ. वेळेत मोटार बाहेर काढली नाही तर ती पाण्याखाली जाते. या माणसाला टक्क्याचा फारसा उपयोग नाही. त्याला हवी समुद्रसपाटीपासूनची पातळी आणि ती ताशी किती वेगाने बदलते आहे ते. कालव्याखालच्या शेतकऱ्याला हवा टक्का, कारण पुढचे आवर्तन मिळणार की नाही ते त्यावर ठरते. पंढरपुरातल्या नदीकाठच्या व्यासनारायण वसाहतीला हवा विसर्ग, क्युसेकमध्ये. एका धरणाचे हे तीन वाचक आणि तीन वेगळी मापे. आता कुगावच्या शेतकऱ्याला मोबाइलवर इशारा देणारी साधी यंत्रणा बनवायची असे धरू. 'पातळी अमुक मीटरच्या वर गेली की संदेश पाठवा', झाले काम. पण पातळी बरोबर त्या रेषेवर येऊन वाऱ्याने वर-खाली होत राहिली तर? रात्रभरात शंभर संदेश जातील आणि सकाळी शेतकरी तो नंबर ब्लॉक करून टाकील. वीज गेल्यामुळे पातळी मोजणारे यंत्रच बंद पडले तर? तेव्हा एकही संदेश जाणार नाही, आणि संदेश आला नाही म्हणजे धोका नाही असे समजून माणूस झोपून राहील. यंत्राचे मौन आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्यांना वेगळी नावे हवीत आणि एकीतून दुसरीत कधी जायचे हे लिहिलेले हवे. स्पेसिफिकेशन लिहिणारा विद्यार्थी तिसऱ्याच ओळीला या प्रश्नावर अडतो. थेट कोड लिहिणाऱ्याला तो मोटार बुडाल्यावर कळतो.

याहून अवघड धडा खालच्या अंगाला आहे. नीरा नरसिंहपूरजवळ नीरा भीमेला मिळते. नीरेवर वीर धरण, भीमेवर उजनी. दोन्हींचे विसर्ग संगमाखाली एक होतात आणि पंढरपूरच्या वाळवंटात उतरतात. ऑगस्ट २०१९ आणि ऑक्टोबर २०२० च्या पुरांत चंद्रभागेने घाट ओलांडून वस्ती गाठली, ते पंढरपूर विसरलेले नाही. समजा, अभ्यासापुरता दोन्ही धरणांसाठी एकच सोपा नियम लिहिला: संगमाखालचा प्रवाह ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच विसर्ग वाढवावा. वाचायला नियम निर्दोष आहे. मॉडेल चेकर नावाचे साधन काय करते, तर या नियमाने घडू शकणाऱ्या घटनांचे शक्य तेवढे सगळे क्रम एकामागून एक चालवून बघते, आणि नियम जिथे मोडतो तो क्रम पायरीपायरीने समोर ठेवते. इथे ते साधारण असा क्रम दाखवील: वीरने विसर्ग वाढवला, ते पाणी अजून वाटेत आहे. उजनीने संगमाखालचा प्रवाह पाहिला, तो मर्यादेत होता. उजनीनेही विसर्ग वाढवला. काही तासांनी दोन्ही पाणी एकत्र पोचले आणि मर्यादा तुटली. दोन्ही धरणांनी नियम पाळला, तरी पूर आला. दोष कोणा एकाच्या पदरात घालता येत नाही, कारण चूक नियमातच आहे: जे पाहायचे ते वाटेतले पाणी, आणि नियम पाहतो फक्त पोचलेले. बँकेच्या सर्व्हरपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत, एकाच वेळी काम करणाऱ्या दोन संगणकांमधल्या कितीतरी गफलती नेमक्या या घडणीच्या असतात. 'रेस कंडिशन' हे प्रकरण पुस्तकातून शिकताना डोक्यावरून जाते. भीमा आणि नीरा यांच्यावरून ते एका तासात समजावे.

इथे एक खुलासा करायला हवा. प्रत्यक्षात वीर आणि उजनीवरचे अभियंते आंधळेपणाने असा नियम चालवत नाहीत. ते एकमेकांशी बोलतात आणि वाटेतल्या पाण्याचा हिशेब धरतात. कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पूर-अंदाजाची संगणक प्रणालीही उभी राहिली. डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेचे माइक ११ हे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरले गेले. पण ते मॉडेल पाण्याचे आहे. पाऊस इतका झाला तर नदी कशी वाहील, हे ते सांगते. मी म्हणतो ते मॉडेल नियमांचे: कोणी, केव्हा, कशाच्या आधारे काय ठरवायचे आणि ते ठरवताना कोणती परिस्थिती कधीच उद्भवता कामा नये. पहिल्याला जलशास्त्र लागते, दुसऱ्याला तर्कशास्त्र. आपल्याकडे पहिल्यावर खर्च होतो. दुसरे कोणाच्या तरी अनुभवात आणि फोनच्या संभाषणात राहते आणि तो माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

तर्कातला एक शब्द चुकला तर जलाशयाचे काय होते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. मिसुरी राज्यातल्या टॉम सॉक जलविद्युत प्रकल्पाचा डोंगरावरचा जलाशय १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे ओसंडून फुटला आणि अर्ध्या तासाच्या आत रिकामा झाला. पातळी मोजणारी उपकरणे जागेवरून सुटली होती, म्हणून ती खऱ्यापेक्षा कमी पातळी दाखवत होती. हे घडू शकते म्हणूनच तर शेवटचा आधार म्हणून आणखी दोन संवेदक बसवले होते. पण ते भिंतीच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा वर होते, आणि पंप बंद होण्यासाठी दोन्ही भिजणे आवश्यक राहील अशी जोडणी होती. 'हा किंवा तो' हवे तिथे 'हा आणि तो' झाले. पाणी भिंतीवरून वाहू लागले तरी पंप चालूच राहिले. खाली राहणारे उद्यान-अधीक्षकाचे कुटुंब वाहून गेले, नशिबाने सगळे वाचले. 'भिंतीच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत पाणी येण्याआधी पंप बंद झालेला असलाच पाहिजे' हे एक वाक्य गणिती भाषेत लिहून त्या जोडणीवर ताडून पाहिले असते, तर ही चूक कागदावरच उघडी पडली असती. एवढे काम पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

याउलट उदाहरण नेदरलँड्सचे. रॉटरडॅमला समुद्राच्या उधाणापासून राखणारा मेसलांट बंधारा १९९७ साली सुरू झाला. त्याचे दोन अजस्र दरवाजे प्रत्येकी २१० मीटर लांबीचे आहेत. ते केव्हा मिटायचे हा निर्णय संगणक घेतो. वादळात माणसाच्या हातून चूक होण्याचा संभव जास्त, असा विचार त्यामागे होता. म्हणून त्या निर्णय-प्रणालीचे स्पेसिफिकेशन झेड या गणिती भाषेत लिहिले गेले आणि तिच्या बाहेरच्या यंत्रणांशी होणाऱ्या संवादाचे मॉडेल स्पिनने तपासले गेले. एवढे करून सगळे निर्दोष झाले का? नाही. पुढे निमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्रणालीच्या एका भागाची पुन्हा काटेकोर पडताळणी केली, तेव्हा तफावती निघाल्याच. विरोधक हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरू शकतात. मला ते उलटे वाटते. वर्षांनंतर बाहेरच्या माणसांना तफावत दाखवता आली, कारण काय अपेक्षित होते ते नि:संदिग्ध लिहिलेले होते. जिथे अपेक्षाच लिहिलेली नाही तिथे तफावत सापडत नाही, वाद तेवढा सापडतो. मात्र एक मर्यादा मान्य केलीच पाहिजे: सिद्धता गृहीतकांच्या पलीकडे जात नाही. टॉम सॉकची उपकरणे सुटणार नाहीत असे गृहीत धरून कितीही सुंदर सिद्धता लिहिली असती तरी जलाशय फुटलाच असता. विद्यार्थ्याने गृहीतकांची यादी सगळ्यात वर, ठळक लिहायला शिकणे, हा या विषयाचा निम्मा भाग आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: हे गणित आमच्या ग्रामीण मुलांना झेपणार नाही. पण महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागातले पहिलेच प्रकरण संचांचे आहे. बारावीच्या गणिताचे पहिले प्रकरण गणिती तर्कशास्त्राचे: 'आणि', 'किंवा', 'जर-तर', सत्यता सारण्या, 'प्रत्येकासाठी' आणि 'किमान एकासाठी' ही चिन्हे, इतकेच काय, विजेच्या बटणांची मंडलेसुद्धा. स्पेसिफिकेशनला लागणाऱ्या गणितापैकी बरेचसे गणित विद्यार्थी अभियांत्रिकीच्या दारात येण्याआधी शिकून आलेला असतो, आपण त्याला ते विसरायला लावतो. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या क्लाउड सेवांमध्ये २०११ पासून टीएलए प्लस वापरात होते आणि अगदी नवखे अभियंतेही दोन-तीन आठवड्यांत ते उपयोगापुरते शिकत होते. त्या साधनाने डायनॅमो-डीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेत शोधलेली एक चूक उघडी व्हायला ३५ पायऱ्यांचा क्रम जुळून यावा लागत होता. नेहमीच्या चाचण्यांत ती कधीच सापडली नसती. आणि इंग्रजीने दबलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाला तर हा विषय उलट सोपा जावा. इथे पानभर इंग्रजी वर्णन लिहायचे नसते, चार ओळींची चिन्हे लिहायची असतात, आणि त्या चिन्हांना कोणाचा उच्चार लागत नाही.

नोकरीचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण पालक फी भरतात ती नोकरीकडे बघून. कॅम्पसच्या मुलाखतीत टीएलए प्लस कोणी विचारत नाही, हे खरे. पण पुण्यात १९८१ पासून टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र आहे आणि प्रोग्रॅमची पडताळणी हा तिथल्या कामाचा जुना भाग आहे. आयआयटी मुंबईत याच विषयाचे केंद्र उभे राहिले. पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या मोटार उद्योगाला लागू होणारे सुरक्षा-मानक, आयएसओ २६२६२, धोक्याच्या वरच्या श्रेणींसाठी अशा पद्धतींची शिफारस करते. रेल्वेच्या सिग्नल प्रणालीचे तर विचारूच नका. दौंड-सोलापूर मार्ग उजनीच्या पाण्याला लागूनच जातो. जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे या स्थानकांवर कोणता रूळ मोकळा असताना कोणता सिग्नल पडायचा याचा तक्ता म्हणजे स्पेसिफिकेशनच. रेल्वेच्या 'कवच' या टक्कर-रोधक प्रणालीला सुरक्षेची सर्वोच्च श्रेणी, एसआयएल-४, लागते, आणि अशा श्रेणीच्या सॉफ्टवेअरसाठी युरोपीय रेल्वे-मानके गणिती पडताळणीचा आग्रह धरतात. पॅरिसच्या मेट्रोची चालकाविना धावणारी १४ क्रमांकाची मार्गिका १९९८ मध्ये सुरू झाली ती बी-मेथड या गणिती पद्धतीने सिद्ध केलेल्या सॉफ्टवेअरवर. या नोकऱ्या संख्येने थोड्या आहेत, ही गोष्ट मी लपवणार नाही. पण ज्या हजारो नोकऱ्यांसाठी आपण मुले घडवत होतो, ठरलेल्या गोष्टीचा कोड लिहून देण्याच्या, त्याच आता आधी आटत चालल्या आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगितलेला प्रोग्रॅम मिनिटात लिहून देतात. मग स्पेसिफिकेशन कशाला, असे विचारणारे विसरतात की 'सांगितलेला' हाच तर सगळा प्रश्न आहे. 'उजनीचा साठा टक्क्यांत दाखव' एवढेच सांगितले तर यंत्र शून्य ते शंभरचाच प्रोग्रॅम देईल असे नाही, कदाचित बरोबरही देईल. पण बरोबर दिला आहे की नाही हे तपासणार कशावर ताडून? लिहिण्याचे कष्ट कमी झाले तसे तपासण्याचे वाढले, आणि तपासायला आधी अपेक्षा लिहिलेली लागते.

सगळ्यात विचार करण्यासारखा आक्षेप वेगळाच आहे. धरण नियमांनी चालत नाही, माणसांनी चालते. आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरते. तिथे आमदार असतात, मागण्या असतात, आषाढी वारी असते, निवडणूक असते. सोलापूरला पिण्यासाठी पाणी सोडले की नदीकाठच्या मोटारींची वीज तोडायची की नाही, किती तास तोडायची, हे कुठल्या सूत्राने ठरणार? आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच उजनीचे ४१ दरवाजे माणसाच्या निर्णयाने उघडावेत हेही बरोबर आहे. पण स्पेसिफिकेशन लिहिणे म्हणजे निर्णय यंत्राच्या हाती देणे नव्हे. 'पिण्याच्या पाण्याला प्राधान्य' हे वाक्य सगळ्यांना मान्य असते, कारण ते कोणालाच कशाला बांधून घेत नाही. कोणत्या गावाच्या पिण्याला, किती दिवसांच्या, वाटेत झिरपणारे आणि उपसले जाणारे पाणी कोणाच्या खात्यावर, आणि दोन प्राधान्ये एकमेकांवर आदळली तर पहिले कोणते? विद्यार्थी हे चिन्हांत उतरवू लागला की प्रत्येक ठिकाणी त्याला थांबून विचारावे लागते. काही प्रश्नांचे उत्तर शासन निर्णयात मिळेल, काहींचे अधिकारी देतील आणि काहींचे कोणीच देणार नाही, कारण ती संदिग्धता कोणाच्या तरी सोयीची आहे. अशा जागी त्याने 'इथे नियम नाही, इथे अधिकाऱ्याचा विवेक आहे' असे स्पष्ट लिहावे. तेही स्पेसिफिकेशनच. फुगवट्याकाठचा शेतकरी आणि कालव्याखालचा शेतकरी यांच्यात दर उन्हाळ्यात पेटणारा वाद त्याने मिटणार नाही. पण वाद नेमका कोणत्या ओळीवर आहे ते तरी दोघांना दिसेल, आणि एवढे दाखवणारे कागद आज फार थोडे आहेत.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले तेव्हा एवढ्याशा कार्यक्षेत्राचे विद्यापीठ कशाला, असे विचारता येत होते. जिल्ह्याचे प्रश्न वर्गात आणणे हे त्याला एक चांगले उत्तर ठरू शकते. नवी इमारत, नवी प्रयोगशाळा यांतले काही लागत नाही. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या सत्रातले शेवटचे सहा आठवडे या कामाला द्यावेत. स्वायत्त महाविद्यालयांना तर अभ्यासक्रम बदलण्याची मुभा आहेच. शिक्षकांची अडचण खरी आहे, कारण त्यांनीही हा विषय शिकलेला नसतो. पण चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा मॉडेल चेकिंगचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट आहे आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी तो बरोबरीने केला तरी बिघडत नाही. आधी सगळ्यांनी टक्क्याचे स्पेसिफिकेशन लिहावे, मग मोटारीच्या इशाऱ्याचे, शेवटी वीर-उजनीचे. धरणाची पातळी, दौंडहून धरणात येणारा विसर्ग, संगमाचा आणि पंढरपूरचा प्रवाह हे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात, तेव्हा मॉडेल ताडून पाहायला खरी आकडेवारीही हाताशी आहे. मूल्यमापनात प्रोग्रॅम चालतो की नाही याला थोडे गुण ठेवावेत. जास्त गुण गृहीतकांच्या यादीला आणि मॉडेल चेकरने नियम मोडून दाखवलेल्या क्रमाला द्यावेत. आणि तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकाबरोबर पाटबंधारे खात्यातला एक अभियंता आणि बॅकवॉटरवर मोटार असलेला एक शेतकरी बसवावा. त्यांच्या प्रश्नांची तयारी कुठल्याही गाइडमधून होणार नाही.